बुधा अजून पाण्यावरच आहे

लवकर पिकणारे हलके धान कापून झाले, की अर्जुनी मोरगावच्या हवेत एक बारीक सोनेरी कूस तरंगू लागते. थ्रेशरच्या तोंडातून उडालेली ती कूस सदऱ्याच्या कॉलरमध्ये शिरते, पापण्यांवर बसते आणि अंघोळ झाल्यावरही मानेपाशी टोचत राहते. भातशेतीच्या बांध्यांमधल्या धानाच्या खुंटांतून लाखोळीच्या डाळीचे कोवळे वेल डोके वर काढतात. रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजण्यांजवळून जाताना उबदार, किंचित आंबूस वास येतो. गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू होतात. नाटकाची जाहिरात करणारी गाडी भोंगा लावून धुरळ्यातून जाते आणि स्टँडवर मासेमारी करणाऱ्या ढिवरणी उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन बसतात. आमच्याकडे हा हंगाम आनंदाचा मानला जातो; पाहुण्यांचा, जिलेबीचा, नव्या तांदळाचा. मला मात्र अलीकडे तो नकोसा वाटतो.

याच हंगामात मी एका माणसाला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर यायचे राहून गेले.

मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझा भाचा नागपूरला इंजिनिअरिंगला होता. १९९९च्या दिवाळीत तो माझ्याकडे आला तेव्हा सोबत एक खोके घेऊन आला. खोक्यात एक जाडजूड पुस्तक होते, त्याच्या मुखपृष्ठावर आग ओकणारा पंखांचा अजगर होता आणि एका कापडी पिशवीत नाना पैलूंचे फासे होते. पट नव्हता. जिंकणे-हरणेही नव्हते. एकाने कथा सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातले एकेक पात्र व्हायचे, एवढाच तो खेळ. सांगणारा प्रसंग उभा करणार: समोर गुहा आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे. मग तो थांबणार आणि विचारणार, “आता तू काय करशील?” खेळणारा ठरवणार, ते साधते की फसते हे फासा सांगणार, आणि कथा तिथून पुढे सरकणार. भाचा परीक्षेसाठी परत गेला. खोके माझ्याकडेच राहिले.

योगराज हा माझा शाळेपासूनचा मित्र. पोवार शेतकऱ्याच्या घरचा; गावाबाहेर रस्त्यालगत त्याचे घर आणि बांध्या, आणि बांध्यांच्या कडेला खळे. लखन गोंदियाचा. लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायला इकडे आला आणि इकडचाच झाला, फक्त बोलणे गोंदियाचे, हिंदीमिश्रित राहिले. दिवाळीच्या सुट्टीत, मळणी चाललेली असताना, दुपारच्या उतरत्या उन्हात आम्ही तिघे तणसाच्या ढिगाला टेकून बसलो आणि मी त्यांना पुस्तक दाखवले.

योगराजने एका चित्रावर बोट ठेवले. “हे लंब्या कानाचे कोन होत गा मास्तर?”

“वनात राहणारे लोक आहेत. दीर्घायुषी. उत्तम तिरंदाज.”

“मंग आपल्या वनातले काऊन नाई?”

त्या दिवशी पुस्तक मिटले गेले ते बहुतांशी मिटलेलेच राहिले. नियम आम्ही घेतले, फासे घेतले, मुलूख मात्र आमचा ठेवला. राक्षसांच्या गुहा कचारगडच्या झाल्या. समुद्राच्या जागी नवेगाव बांधचा तलाव आला आणि त्याच्या भोवतीच्या टेकड्यांवर पहारे बसले. पुढे या खेळावर निघालेल्या चित्रपटांवरून आम्ही इतके भांडलो, पण त्या खेळाचे पहिले रूपांतर आम्हीच केले होते, आणि ते करताना पुस्तक लिहिणाऱ्याची परवानगी घेण्याचे आमच्या मनातही आले नव्हते.

लखनने तलवारबहाद्दर व्हायचे ठरवले. योगराजने बराच वेळ घेतला आणि म्हणाला, “मी डोंगेवाला. बुधा नाव लिव.”

“तुला पोहता तरी येतं का?”

“म्हनून तं,” तो म्हणाला.

त्याची बायको सुमनवहिनी सुपाने धान पाखडत सगळे ऐकत होती. लखन दर डावात तलवार उपसायचा आणि फाशाच्या कृपेने दर डावात तोंडघशी पडायचा. “लखनभाऊ, तलवारीले धार हाय का तुमच्या, का नुसता आवाजच?” असे ती तिकडूनच विचारायची. पुढच्या हंगामात तीही खेळात आली; वैदीण झाली. गावात चर्चा झाली, की मास्तर खळ्यावर बसून मंत्र शिकवून राहिले. पस्तिशीला आलेली, पोराबाळांची माणसे आम्ही. लाज वाटायची, आणि तरीही दुपार कलली की पाय खळ्याकडे वळायचे.

पात्रांसाठी चिंचोके होते. बुधाचा चिंचोका योगराजने एका अंगाने दगडावर घासून पांढरा केला होता. काठीने खळ्याच्या सारवलेल्या भुईवर मी तलाव रेखायचो आणि तो चिंचोका त्यावर सरकत राहायचा. बुधाला घाई नव्हती. लखनचा बहाद्दर क्षणात निर्णय घ्यायचा, बुधाला विचारले, की योगराज म्हणायचा, “थांब गा, पानी पाहू दे.” मग तो खरोखरच भुईवरच्या त्या रेघांकडे पाहत बसायचा. थ्रेशर घरघरायचा, बैल शेपट्या हलवायचे. लखन वैतागायचा, “अबे, कितना पानी देखेगा!” मीही कंटाळायचो, हे खोटे कशाला बोलू? पण सांगणाऱ्याला थांबावेच लागते. तो नियमच होता.

दोन-तीन हंगामांनंतर लखन गोंदियाहून एक व्हीसीडी घेऊन आला. त्या खेळावरून परदेशात निघालेला चित्रपट होता, हिंदीत बोलणारा. रविवारी दुपारी योगराजच्या घरी आम्ही तो पाहिला. आकाशभर अजगर होते आणि मनोरे कोसळत होते. नायकाबरोबर एक हसवणारा सोबती होता. तो मध्यंतरानंतर मेला आणि नायकाला संताप येऊन कथेला वेग आला.

“ग्राफिक्स देखा सर? ग्राफिक्स!” लखन उभा राहून बोलत होता.

“अरे, पण मांत्रिक एकदा वापरलेला मंत्र विसरतो, असा नियम आहे. हा तर तोच मंत्र सारखा वापरतो.”

“सर, पिक्चर है. परीक्षा का पेपर थोडी है, के मार्क काटोगे.”

वहिनीने आतून चहा आणला. “त्या राणीच्या अंगावर येवढं लोखंड, बिचारी बसते कशी?”

योगराज पडद्याकडेच पाहत होता. पडदा काळा झाला होता. “त्या हसवनाऱ्या पोराले कोनी विचारलं का?”

“काय?”

“मराच्या आधी. का बा, आता तू काय करशील म्हनून.”

लखन हसत सुटला. “पिक्चरमध्ये कोणाला विचारतात यार? डायरेक्टर बोलता है मर, तो वो मरता है.”

“मंग तो आपला खेळ नाई होय,” योगराज म्हणाला आणि चहा बशीत ओतू लागला.

तो वाद पुढे अनेक वर्षे चालला. तसल्या कथांचा नवा चित्रपट आला, की आम्ही पुन्हा त्याच जागी यायचो, एस.टी. स्टँडच्या बाकावर, मंडईत दंडारीचे लोकनाट्य पाहताना, एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत. लखनचा कौल भव्यतेला, माझा नियमांना. मूळ कृतीशी निष्ठा, असा शब्द मी वापरायचो आणि तो मला फार आवडायचा. योगराजचे म्हणणे एका वाक्याचेच होते, आणि त्याला साहित्यातले काही कळत नाही असे समजून मी त्यावर कधी विचार केला नाही. आज त्यावरच विचार करतो. ज्या खेळाचा प्राण एका प्रश्नात आहे, त्याचा चित्रपट करायचा म्हणजे तो प्रश्न गाळून सगळी उत्तरे ठेवायची. अजगर हुबेहूब असला तरी मग काय उरते?

आमचा शेवटचा डाव काही वर्षांपूर्वी असाच मळणीच्या दिवसांत झाला. तलावाची पाळ फुटायला आली होती. बुधाचे सोबती काठावर उभे होते आणि बुधा एकटा डोंग्यात, मधोमध. तळाशी राहणारी पाणराणी वर आली आणि म्हणाली, “पाळ वाचवायची असेल तर डोंगा मला दे, नाहीतर डोंग्यातला माणूस दे.” ही कोंडी मी रात्रभर मनात घडवली होती, त्यामुळे स्वतःवर खूश होतो. मी विचारले, “बुधा, आता तू काय करशील?”

योगराजने पांढऱ्या चिंचोक्यावर बोट ठेवले. “थांब गा, पानी पाहू दे.” सूर्य टेकड्यांमागे गेला, गडी पोती उचलू लागले. तो उठला, अंगावरची कूस झटकली. “उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पाहुणे होते. त्यानंतर मंडई. मग एका सकाळी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर तो खाली बसला तो आपणहून उठला नाही. लकवा. नागपूरच्या दवाखान्यातून परत आला तेव्हा उजवे अंग लुळे होते आणि वाचा गेली होती. हळूहळू काही शब्द परतले. आधी पोवारीतले, आईकडून मिळालेले, मग इकडचे. एकेक शब्द विहिरीतून वर यावा तसा, हिंदकळत, अर्धा सांडत.

मी त्याला भेटायला जात होतो. नियमित जात होतो, असे इतकी वर्षे स्वतःला सांगतही होतो. तो बाजेवर किंवा खळ्यावरच्या खुर्चीत बसलेला असे. त्याने ओठ हलवले, की मी शब्द पुढे करायचो. चहा? उन्हातून उठवू? पंखा? बरोबर शब्द सापडला, की मला कोडे सुटल्याचा आनंद व्हायचा. चुकीचा असला तरी तो मान डोलवायचा, कारण नाही म्हणायला त्याला माझ्याहून जास्त श्रम पडत. माझी ही सवय जुनी आहे. वर्गात एखादी मुलगी इंग्रजी वाक्य अडखळत जुळवू लागली, की मी ते पूर्ण करून देतो आणि तिला “शाब्बास” म्हणतो. ती खाली बसते. वाक्य कोणाचे झाले, हे मी कधी पाहिले नाही.

यंदा दिवाळीनंतर लखन आला. त्याच्याकडे आता ड्रोन आहे. लग्नाच्या वरातीवर तो भुंग्यासारखा घोंघावतो. “सर, आपला पिक्चर बनवू. ऊपर से तलाव, बीच में एक डोंगा. मंडई कमिटी तयार आहे. संध्याकाळी नाटकाच्या आधी पडद्यावर लावू. तुम्ही स्टोरी लिहा. बुधाची.”

“शेवट झालेला नाही, लखन.”

“तो करो ना सर. तुम्हारे सिवा कौन करेगा?”

मला हे सुखावून गेले. मी लिहायला बसलो आणि लेखणी भराभर चालली. आमच्याकडच्या नाटकात शेवटच्या अंकात प्रेक्षक रडला नाही तर तो घरी जाऊन नाटकाला नावे ठेवतो, हे मला ठाऊक होते. मी बुधाला डोंग्यात उभे केले, त्याच्या तोंडी सोबत्यांचा निरोप घेणारे भाषण दिले आणि त्याला पाण्यात उडी घ्यायला लावली. पाळ वाचली. रिकामा डोंगा काठाला लागला. लिहिता लिहिता माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले म्हणजे लिखाण खरे उतरले, असे मी धरून चाललो.

ते वाचून दाखवायला लखन आणि मी खळ्यावर गेलो. योगराज खुर्चीत होता, अंगावर घोंगडे. वहिनी ताडपत्रीवर धान पसरत होती. मी चांगले वाचतो. आवाज कुठे खाली न्यावा हे मला कळते. उडीचा प्रसंग आला तेव्हा योगराजने मान वळवली आणि तो बांधीकडे पाहू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. डावा हात घोंगड्यावर आपटत होता. मी वाचन संपवले आणि म्हणालो, “त्याला भिडलं.”

“क्या सीन है सर!” लखन म्हणाला. “पब्लिक रोएगी.”

वहिनीने फावडे खाली ठेवले. “भाऊजी, हे कोनी ठरवलं?”

“काय, वहिनी?”

“का बुधानं जीव द्यावा म्हनून.”

“कथेची गरज आहे. आणि योगराजला आवडलं आहे, पाहा ना.”

“आवडलं?” ती जवळ आली. पदराने तिने योगराजचे डोळे पुसले, सवयीने. “तुमी विचारलं कुठं यायले? इतके वर्स येऊन राहिले. चहा पाह्यजे का म्हनता, पंखा लावू का म्हनता. बुधाचं काय झालं, हे एकदा तरी विचारलं?”

मी म्हणालो, की त्याला त्रास होईल असे वाटले.

“तो चिंचोका यायच्या उशीखाली राहते. रोज सकाळी व्यायाम कराले लावते मी, तं हात उचलत नाई. मंग म्हनते, बुधा, डोंगा वल्हव. तवा उचलते.” तिने डाव्या हाताने उजवा हात धरून, वल्हे मारल्यासारखा ओढून दाखवला. “तुमी बुधाले मारलं, तं उद्या सकाळी हे कोनाचा हात हलवतीन, जी?”

थ्रेशर बंद होता. दूरच्या बांधीत सारसांची जोडी खुंटांतून दाणे वेचत होती. मला माझ्या कागदांची लाज वाटली, आणि त्या लाजेतही मी एक चांगले वाक्य शोधतो आहे, हे जाणवून आणखी लाज वाटली. लखनने ड्रोनची पेटी हळूच खुर्चीमागे सरकवली.

मी खाली बसलो. काडी घेतली आणि सारवलेल्या भुईवर तलाव रेखला. पाळ, काठ, टेकड्या. इतक्या वर्षांनी रेखलेला तलाव वाकडा झाला. वहिनीने घरातून चिंचोका आणला. घासलेली बाजू आता पिवळी पडली होती. मी तो मधोमध ठेवला. लखनचा आणि वहिनीचा म्हणून दोन साधे चिंचोके काठावर मांडले. वहिनीने खुर्ची पुढे ओढली.

“योगराज,” मी म्हणालो, “पाणराणी समोर आहे. डोंगा दे म्हणते, नाहीतर माणूस दे म्हणते. आता तू काय करशील?”

त्याचे ओठ हलले. शब्द माझ्या जिभेवर तयार होता. ते पूर्ण वाक्यच मला पाठ होते. मी ओठ मिटून बसलो. लखन काहीतरी बोलू गेला, वहिनीने त्याच्याकडे नुसते पाहिले. ऊन पुंजण्यावरून खाली उतरले. रस्त्याने नाटकाची गाडी भोंगा वाजवत आली आणि निघून गेली. मला आयुष्यात एवढे कठीण काही गेले नव्हते, आणि मी काही करत नव्हतो. फक्त बोलत नव्हतो.

“पा... नी,” योगराज म्हणाला. तो खरोखर पाहत होता.

नंतर तो डाव्या अंगाने वाकला. वहिनीने त्याला खांद्याला धरले. मला वाटले, तो बुधाला काठाला आणेल, किंवा राणीपुढे सरकवेल. माझ्या डोक्यात दोन्ही शेवट आधीच लिहून झाले होते. त्याने बुधाला हातही लावला नाही. ताडपत्रीच्या कडेला तणसाचा कचरा पडला होता, त्यातला एक खडा त्याने बोटांनी चाचपून उचलला आणि फार कष्टाने तो बुधाच्या शेजारी, डोंग्यात, ठेवला.

“हा कोण?” लखन न राहवून म्हणाला.

योगराजने बोट उचलले. ते हवेत डगमगले आणि माझ्यावर येऊन थांबले.

इतक्या हंगामांत मी कधी डोंग्यात नव्हतो. मी सांगणारा होतो. पाळा मी फोडल्या, राण्या मी रुसवल्या, आणि दर वेळी कोरड्या भुईवर बसून दुसऱ्याला विचारत आलो.

“आता,” तो म्हणाला. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या. मी वाट पाहिली. “आता... तू?”

लखन हसला नाही. वहिनीने फावडे पुन्हा हातात घेतले होते, पण ती उभीच होती. मी भुईवरच्या वाकड्या तलावाकडे पाहिले. कागद माझ्या मांडीखाली चुरगळले होते.

“थांब गा,” मी म्हणालो. “पानी पाहू दे.”